ठरलेल्या मापाचा बोर्ड, बदलती पेटी: पॅरामेट्रिक कॅडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून प्रश्न येतात ते बहुतेक दोन प्रकारच्या लोकांचे. एक, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाची मुलं. दुसरे, केळी-कपाशीच्या शेतात मोटार, ठिबक नाहीतर टाकीच्या पातळीसाठी स्वतःच जुळणी करणारे. दोघांचंही सर्किट टेबलावर छान चालतं आणि पेटीत बसवताना अडतं. अशी पेटी कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर आराखडा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्वतः आखता येते. खालची उत्तरं थ्रीडी प्रिंटरवर छापायच्या पेट्या धरून लिहिली आहेत. लेझर कटिंगचा एक प्रश्न शेवटी आहे.

१. पॅरामेट्रिक म्हणजे नक्की काय? सरळ आकृती काढली तर काय बिघडतं?

सरळ काढलेल्या पेटीत ५७.४ हा फक्त एक आकडा असतो. तो कुठून आला हे महिन्याने तुम्हालाही आठवत नाही. पॅरामेट्रिक मॉडेलमध्ये तोच आकडा सूत्रातून येतो: बोर्डाची लांबी, दोन्हीकडची फट, दोन्ही भिंती.

सुरुवातीलाच आकड्यांचे तीन ढीग करा. पहिला मोजलेल्यांचा: बोर्डाची लांबी, भोकांमधलं अंतर, कनेक्टरची उंची. हे आपल्या हातात नसतात, बोर्ड बदलला तरच बदलायचे. दुसरा ठरवलेल्यांचा: भिंतीची जाडी, फट, स्क्रूचा प्रकार. तिसरा सूत्रातून आलेल्यांचा, आणि पेटीची सगळी मापं या तिसऱ्या ढिगात पडली पाहिजेत. पेटीचं माप कुठे हाताने टाइप करावं लागत असेल, तर तिथे एक सूत्र लिहायचं राहिलं आहे असं समजा.

२. सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? फुकटात भागेल का?

भागेल. फ्रीकॅड पूर्ण मोफत आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि धंद्यासाठीही वापरता येतं. फ्यूजनची वैयक्तिक आवृत्ती शिकायला सोपी आहे, पण एका वेळी दहाच फाइली संपादनासाठी उघड्या ठेवता येतात आणि ती बिगरव्यावसायिक कामासाठी असते. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, मात्र मोफत खात्यातली कामं सगळ्यांना दिसतात. ज्यांना प्रोग्रॅमिंगची सवय आहे त्यांनी ओपनएससीएडी बघावं, तिथे अख्खी पेटी कोडच्या ओळींतून बनते. पुढची उदाहरणं फ्रीकॅडची आहेत, पण तीन ढिगांचा हिशोब चारही ठिकाणी तोच.

३. बोर्डाचं माप डेटाशीटमधून घ्यायचं की व्हर्नियरने मोजायचं?

मूळ कंपनीचा बोर्ड असेल तर डेटाशीट चालते. रास्पबेरी पाय ४ हा ८५ × ५६ मिमी असतो, भोकं ५८ × ४९ मिमी अंतरावर. अर्डुइनो उनो ६८.६ × ५३.४ मिमी. १६×२ एलसीडी सहसा ८० × ३६ मिमी आणि तिची भोकं ७५ × ३१ वर.

बाजारातले बहुतेक बोर्ड मात्र नकला असतात आणि खरी गंमत तिथे सुरू होते. ईएसपी३२ डेव्हकिट (वायफाय असलेला छोटा बोर्ड) या एकाच नावाखाली ३० पिनी आणि ३८ पिनी दोन्ही विकले जातात. पिनांच्या दोन ओळींमधलं अंतर कुणात २२.८६ मिमी, कुणात २५.४. यूएसबी कनेक्टर कुणात काठाला टेकलेला, कुणात बाहेर आलेला. म्हणून बोर्ड हातात आल्याशिवाय पेटी छापायला टाकू नका. आणि दहा बोर्ड लागणार असतील तर दहाही एकदमच घ्या, पुढच्या महिन्यात त्याच दुकानात वेगळी नक्कल आलेली असते.

४. दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर व्हर्नियरने कसं मोजू? केंद्र तर पकडता येत नाही.

केंद्र पकडायचंच नाही. दोन भोकांच्या आतल्या कडांमधलं अंतर घ्या, मग बाहेरच्या कडांमधलं. दोन्हींची सरासरी म्हणजे केंद्रांमधलं अंतर. पाय ४ वर आतलं ५५.३ आणि बाहेरचं ६०.७ भरतं. बेरीज ११६, अर्धं ५८.

गुंतागुंतीचा बोर्ड असेल तर तो सपाट स्कॅनरवर पालथा ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन करा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. ६०० ठिपके म्हणजे २५.४ मिमी. तीच प्रतिमा कॅडमध्ये स्केचखाली, म्हणजे सपाट रेखाटनाखाली, लावता येते. उंच कनेक्टरमुळे बोर्ड काचेवरून उचलला गेला तर मापात चूक येते, म्हणून एक अंतर व्हर्नियरने ताडून पाहा.

५. शून्य बिंदू कुठे ठेवू? बोर्डाच्या कोपऱ्यावर?

कोपऱ्यावर नको. भोकं नेमकी पाडलेली असतात, काठ मात्र मोठ्या शीटमधून तोडलेला असतो. त्यावर खरखर, छोटे दात, कधी ०.२ मिमीचा फरक सापडतो. एका भोकाचं केंद्र शून्य धरा आणि बाकी सगळं, काठसुद्धा, तिथून मोजा.

ज्या बोर्डाला भोकंच नाहीत, तिथे पिनांची ओळ धरा. पिनांमधलं २.५४ मिमीचं अंतर नकलांमध्येही बदलत नाही.

६. स्प्रेडशीटमध्ये काय काय लिहायचं? एक पूर्ण हिशोब दाखवा.

समजा हातातला ३० पिनी ईएसपी३२ मोजला: लांबी ५१.६, रुंदी २८.३, जाडी १.६ मिमी. यूएसबी तोंडाची उंची २.६. बोर्डावरचा सर्वात उंच भाग ५ धरू. हे झाले मोजलेले.

आता खालची बाजू, जिथे हमखास चूक होते. लोक पिनांची लांबी मोजतात आणि पिनांवर चढणारी वायर विसरतात. पिनांचा काळा प्लास्टिकचा भाग २.५ मिमी, त्यावर जंपर वायरचं काळं टोपण १४ मिमी, आणि वायर वळायला निदान ६. म्हणजे बोर्डाखाली २२.५ मिमी. ‘झाकण बसतच नाही’ या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच टोपण असतं.

ठरवलेले: फट ०.५, भिंत २.४, तळ २, झाकण २, वरची मोकळी जागा २.

आता सूत्रं. आतली लांबी = ५१.६ + २ × ०.५ = ५२.६, बाहेरची लांबी = ५२.६ + २ × २.४ = ५७.४. त्याच रीतीने बाहेरची रुंदी ३४.१. आतली उंची = २२.५ + १.६ + ५ + २ = ३१.१, तळ-झाकण धरून ३५.१. यूएसबीच्या खिडकीचं केंद्र पेटीच्या बुडापासून = २ + २२.५ + १.६ + १.३ = २७.४.

फ्रीकॅडमध्ये प्रत्येक आकड्याच्या खान्याला उपनाव द्या. मग स्केचमध्ये माप टाकायच्या चौकटीतलं निळं एफएक्स चिन्ह दाबून तिथे आकड्याऐवजी ते नाव लिहा. उद्या वायरी थेट सोल्डर केल्या तर २२.५ च्या जागी ४ लिहायचं. पेटी आपोआप बुटकी होते आणि खिडकीही तेवढीच खाली येते.

७. भाऊ, उपनाव दिलं की फ्रीकॅड नाकारतं. लाल दाखवतं. का?

तीन कारणं असतात. नावात मोकळी जागा असते. किंवा नाव खान्याच्या पत्त्यासारखं दिसतं: ‘एम३’ हे स्क्रूचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं की तो एम स्तंभातला तिसरा खाना होतो. किंवा ते नाव एखाद्या एककाचं असतं. रुंदीसाठी ‘डब्ल्यू’ लिहिलंत तर तो वॅट, उंचीसाठी ‘एच’ लिहिलंत तर हेन्री. रोमन लिपीत पण लांब नावं ठेवा, पेटीरुंदी, स्क्रूभोक अशी. तीन महिन्यांनी उघडल्यावर तुम्हालाही वाचता येतील.

८. फट किती ठेवायची?

०.४ मिमी नोझलच्या साध्या प्रिंटरवर आमचे सुरुवातीचे आकडे असे: बोर्ड आणि भिंत यांत प्रत्येक बाजूला ०.५, सरकतं झाकण असेल तर प्रत्येक बाजूला ०.२ ते ०.३, एम३ स्क्रू आरपार जायला ३.४ व्यासाचं भोक, एम३ स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये पिळायचा असेल तर २.५ ते २.७. स्क्रू घेणाऱ्या खांबाचा बाहेरचा व्यास स्क्रूच्या दुप्पट ते अडीचपट हवा, नाहीतर पिळताना खांब उभा चिरतो.

तुमचा प्रिंटर वेगळा असू शकतो. एकदाच एक चाचणीपट्टी छापा, त्यात ०.१, ०.२, ०.३, ०.४ फटीच्या खाचा आणि तेवढ्याच जीभा. जी हाताने बसते आणि हलवल्यावर खडखडत नाही ती तुमची फट. तोच आकडा स्प्रेडशीटमध्ये जातो आणि तुमच्या पुढच्या सगळ्या पेट्यांना चालतो.

९. मॉडेलमध्ये भोक ३ मिमी आहे, छापल्यावर स्क्रू जात नाही. प्रिंटर खराब आहे का?

नाही. छापलेलं भोक जवळजवळ नेहमीच लहान येतं. एक तर वर्तुळ फाइलमध्ये बहुभुज होऊन जातं. शिवाय वितळलेली तार वळणावर आतल्या बाजूला ओढली जाते. भोकांच्या व्यासात ०.२ ते ०.४ वाढवा, पण प्रत्येक भोकात वेगवेगळी नाही. ‘भोकवाढ’ नावाचा एकच पॅरामीटर ठेवा आणि प्रत्येक भोकाच्या सूत्रात तो मिळवा.

पहिला थर दबून पसरतो, त्यामुळे बुडाकडचं भोक आणखी आवळतं. बुडाच्या कडांना ०.४ मिमीचा चँफर (तिरका छाट) दिला की हा त्रास जातो.

१०. पेटी जरा घट्ट झाली. स्लायसरमध्ये १०३ टक्के केली तर?

असं करू नका. स्लायसर (मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला देणारं सॉफ्टवेअर) सगळंच वाढवतो: पेटी तीन टक्क्यांनी वाढते, बोर्ड वाढत नाही. पाय ४ च्या ५८ मिमीवरच्या खांबांमधलं अंतर ५९.७४ होतं. दोन भोकांत पावणेदोन मिमीचा फरक पडला की दुसरा स्क्रू लागतच नाही. फट घट्ट असेल तर फक्त फट हा आकडा ०.५ वरून ०.७ करा. भिंती सरकतील आणि खांब जागेवरच राहतील. याला एकच अपवाद आहे, तो प्रश्न १७ मध्ये.

११. छापायला सहा तास लागतात. चूक आधीच पकडता येईल का?

बऱ्याच चुका कागदावरच सापडतात. तळाचं आणि बाजूंचं रेखाचित्र १०० टक्के मापात कागदावर छापा. झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ बंद करायला बजावून सांगा, आणि खात्रीसाठी चित्रात १०० मिमीची एक रेघ ठेवा. ती पट्टीने मोजा, मग कागदावर बोर्ड ठेवा. भोकातून टाचणी गेली पाहिजे.

त्यानंतर स्लायसरमध्ये पेटी कापून फक्त खालचे ५ मिमी छापा. खांब आणि भिंती जुळतात का ते अर्ध्या-पाऊण तासात कळतं. यूएसबीच्या बाजूची भिंतही अशीच एकटी छापता येते.

१२. खिडकी बरोबर जागी आहे, तरी यूएसबी केबल आत जात नाही.

खिडकी बोर्डावरच्या तोंडाच्या मापाने काढली असेल. भिंतीतून जायचं असतं ते केबलची प्लास्टिकची मूठ. टाइप-सी च्या मानकात ही मूठ जास्तीत जास्त १२.३५ × ६.५ मिमी धरली आहे, म्हणून खिडकी १३ × ७.२ ठेवा. मायक्रो यूएसबीच्या केबली एकसारख्या नसतात, तुमची मोजा.

खिडकी लहानच ठेवायची असेल तर भिंत तिथे बाहेरून खरवडून १ मिमीपर्यंत पातळ करा. २.४ ची भिंत आणि ०.५ ची फट मिळून प्लगच्या धातूच्या टोकाची बरीच लांबी खाऊन टाकतात. प्लग वरवर बसतो, चार्जिंग चालू-बंद होत राहतं, आणि लोक दोष बोर्डाला देतात.

१३. एक माप बदललं की अख्खं मॉडेल लाल होतं. गोलाई भलत्याच कडेला जाते.

कॅड प्रत्येक पृष्ठभागाला आणि कडेला आतून क्रमांक देतं. माप बदलल्यावर कड वाढली किंवा नाहीशी झाली की क्रमांक सरकतात, आणि ‘कड ७’ला दिलेली गोलाई दुसऱ्याच कडेला बसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या फ्रीकॅड १.० मध्ये हा त्रास बराच कमी झाला आहे, पूर्ण गेलेला नाही.

सवयी मात्र कायम ठेवा. स्केच पेटीच्या पृष्ठभागावर न काढता मूळ प्रतलावर किंवा सूत्राने सरकवलेल्या संदर्भ प्रतलावर काढा. फिलेट (गोलाई) आणि चँफर सगळ्यात शेवटी. आणि मॉडेल पूर्ण झाल्यावर एकदा मुद्दाम छळा: लांबी ३०, मग १५०, भिंत १, मग ५. चारही वेळा टिकलं तर खरं पॅरामेट्रिक.

१४. पीएलएची पेटी शेतात लावली, मे महिन्यात वाकली. काय वापरू?

पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक ५५ ते ६० अंशांला मऊ पडायला लागतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हातल्या बंद पेटीचं आतलं तापमान त्याहून बरंच वर, त्यात काळा रंग असेल तर विचारूच नका. पेटी आधी स्क्रूपाशी आणि झाकणाच्या कडेला वाकते, कारण ताण तिथे असतो.

पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक सुमारे ८० अंशांपर्यंत तग धरतं आणि छापायला सोपं आहे. बहुतेकांना तेच पुरतं. कायम उन्हात राहायचं असेल तर एएसए: १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हाने ठिसूळ होत नाही, पण त्याला बंदिस्त प्रिंटर लागतो आणि छापताना वास येतो. रंग पांढरा घ्या, पेटी खांबाच्या उत्तरेला लावा, वर एक छोटं छप्पर ठेवा. मटेरियल बदललं की फट आणि भोकवाढ पुन्हा तपासा, पीएलएचे आकडे पीईटीजीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

१५. पाणी, धूळ, मुंग्या, सगळंच आत जातं. वारा जायला भोकं ठेवू की नको?

ईएसपी३२ आणि दोन-चार सेन्सर असतील तर भोकं नकोच, तेवढी उष्णता भिंतींतून निघून जाते. जिनिंगमध्ये किंवा कपाशीच्या हंगामात जाळीवर रुई बसते आणि आठवड्यात ती बंद होते. उघडं भोक दिसलं की कुंभारमाशी मातीने लिंपून टाकते. भोक लागणारच असेल तर ते तळाला, आतून बारीक जाळी लावून.

वायरी नेहमी खालून आत घ्या, आणि आत येण्याआधी वायरीला खाली एक झोका द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. केबल ग्लँडची (वायर घट्ट धरून पेटीत आत घेणाऱ्या तुकड्याची) मापं ठरलेली असतात, ती मोजलेल्यांच्या ढिगात टाका: पीजी७ ला १२.५ मिमीचं भोक आणि ३ ते ६.५ मिमीची केबल, पीजी९ ला १५.२ चं भोक आणि ४ ते ८ ची केबल. ग्लँडच्या नटाला आतून जागा लागते, तिचा वेगळा पॅरामीटर ठेवा.

तापमानाचा सेन्सर याच पेटीत बसवू नका. ईएसपी३२ च्या उष्णतेने आकडा वर चढतो. त्याला वेगळी, झडपांची, हवा खेळणारी छोटी टोपी द्या.

१६. मोटारीच्या लोखंडी स्टार्टर पेटीतच बोर्ड बसवला तर? आणि २३० व्होल्टचा रिले छापलेल्या पेटीत चालेल?

लोखंडी पेटीत वायफाय मरतं. ईएसपी३२ च्या मॉड्यूलचं अँटेनाचं टोक कुठल्याही धातूपासून निदान १५ मिमी दूर हवं, आणि चारही बाजूंनी पत्रा असेल तर अंतराचाही उपयोग नाही. एक तर प्लास्टिकची पेटी बाहेर लावा, नाहीतर बाहेरची अँटेना जोडता येणारं मॉड्यूल घ्या. अँटेनाजवळ पितळी इन्सर्ट (प्लास्टिकमध्ये बसवलेली स्क्रूची आटी) किंवा लांब स्क्रूही नको.

विजेबद्दल स्पष्ट मत: मेन्स, म्हणजे २३० व्होल्ट, असलेला भाग तयार मिळणाऱ्या, आग न धरणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवा. साधी फिलामेंट (छपाईची प्लास्टिकची तार) पेट घेते. छापायचा असेल तर त्या पेटीत बसणारा फक्त ट्रे छापा. इथे तयार पेटीची आतली मापंही ‘मोजलेली’ होतात. ट्रेवर मेन्स आणि पाच व्होल्ट यांच्यात किमान ८ मिमी अंतर आणि मध्ये उभी भिंत. हे अंतर सूत्रात ‘जे मोठं ते’ अशा फंक्शनमध्ये लिहा, म्हणजे ट्रे आवळताना चुकूनही ८ च्या खाली जाणार नाही. आणि छोट्या निळ्या रिलेवरून थेट मोटार चालवू नका, त्याने फक्त काँटॅक्टरची (मोटारीचा भार पेलणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालू-बंद करायची.

१७. एबीएसची मोठी पेटी प्रत्येक वेळी लहान येते. फट वाढवूनही खांब जुळत नाहीत.

हाच तो प्रश्न १० मधला अपवाद. एबीएस हे प्लास्टिक थंड होताना साधारण ०.५ ते ०.८ टक्के आकसतं. १५० मिमीच्या पेटीत हा फरक मिमीभर होतो आणि खांबांमधलं अंतरही त्यात घटतं. इथे प्रमाणात वाढवणं बरोबर आहे, कारण सगळं एकाच प्रमाणात आकसलेलं आहे. पण ही दुरुस्ती कॅडमध्ये करू नका. स्लायसरमधल्या त्या फिलामेंटच्या प्रोफाइलला आकसण्याची टक्केवारी द्या. कॅडमध्ये खरी मापंच राहू द्या, नाहीतर तीच फाइल पीईटीजीमध्ये छापताना पेटी मोठी येईल.

टक्केवारी काढायला १०० मिमीची पट्टी छापा, पूर्ण थंड झाल्यावर मोजा. ९९.३ भरली तर १०० भागिले ९९.३, म्हणजे १००.७ टक्के.

१८. ३० पिनी आणि ३८ पिनी, दोन्हींसाठी एकच मॉडेल करता येईल का?

येईल. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक बोर्डाच्या मोजलेल्या आकड्यांची एक ओळ करा आणि फ्रीकॅडचं कॉन्फिगरेशन टेबल वापरा, यादीतून बोर्ड निवडला की पेटी बदलते. पण एका बोर्डाला भोकं आहेत आणि दुसऱ्याला नाहीत असं असेल तर जबरदस्ती करू नका. खांब आणि खाचा असे दोन वेगळे तळ करा, भिंती-झाकण समाईक ठेवा.

१९. इंटरनेटवरून उतरवलेलं बोर्डाचं थ्रीडी मॉडेल वापरू का?

जुळतंय का बघायला जरूर वापरा, फाइल स्टेप प्रकारची घ्या. एसटीएल म्हणजे नुसते त्रिकोण, त्यातून नेमकी मापं निघत नाहीत. पण पेटीची सूत्रं त्या मॉडेलच्या कडांना बांधू नका. मॉडेल एका नकलेचं आणि तुमच्या हातातला बोर्ड दुसऱ्या नकलेचा, हे नेहमीचं आहे.

२०. प्रिंटर नाही, गावात लेझर कटिंग आहे. हेच मॉडेल चालेल?

हिशोब चालेल, सांधे बदलतील. भिंत हा आकडा इथे ‘ठरवलेल्या’ ढिगातून ‘मोजलेल्या’ ढिगात जातो, कारण ३ मिमी म्हणून मिळणारी ॲक्रिलिक शीट कधी २.८ च भरते. दुकानात जाऊन शीटच व्हर्नियरने मोजा, चार कोपऱ्यांवर. लेझरची धार स्वतः ०.१ ते ०.२ मिमी खाते, तिचा वेगळा पॅरामीटर करा. दातांची रुंदी त्याने वाढवा, खाचांची कमी करा. आधी दोन दातांचा एक तुकडा कापून घ्या, दुकानदार बहुतेक वेळा तेवढं उरलेल्या शीटवर कापून देतो.